घारापुरीतले तीन तास

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी नवी मुंबईतून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम चालतं. आमच्याकडे वाशीला एखादं प्रदर्शन लागलं की गावोगावच्या बायका माल घेऊन येतात. कुणी पापड-कुरडया आणते, कुणी काळा मसाला, कुणी गोधड्या, कुणी हातसडीचा तांदूळ. आठ-दहा दिवस स्टॉलवर उभं राहायचं, रात्री पाय चेपत हिशेब लिहायचा. शेवटच्या दिवशी गठुडी बांधायची आणि परतीची गाडी पकडायची.

या शेवटच्या दिवसाबद्दल मला आज बोलायचंय. बहुतेक वेळा गाडी रात्रीची असते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ मोकळा मिळतो. त्या मोकळ्या दिवसाचं काय होतं, ते मी कितीतरी वर्षं बघतेय. बायका गठुड्यांवर बसून राहतात. नाहीतर चौघीजणी बाजारात जाऊन पोरांसाठी कपडे घेतात आणि परत गठुड्यांवर येऊन बसतात. स्वतःसाठी म्हणून त्या दिवसातला एक तासही जात नाही.

आणि इथून समुद्रात बघितलं तर समोर बेट आहे. घारापुरीचं. इंग्रजीत त्याला एलिफंटा म्हणतात. रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. जगभरातून लोक विमानानं येऊन ते बघून जातात. आपण त्याच्या इतक्या जवळ येतो आणि न बघता घरी जातो.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

काही वर्षांपूर्वी असंच एक प्रदर्शन रविवारी रात्री संपलं. बायकांची गाडी सोमवारी रात्री होती. मी म्हटलं, चला, तुम्हाला घारापुरी दाखवते. अकरा जणी तयार झाल्या. त्यांत माण तालुक्यातल्या एक आजी होत्या. अडुसष्ट वर्षांच्या. आयुष्य दुष्काळी भागात गेलेलं. समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी पहाटे उठून सगळ्यांसाठी भाकरी भाजल्या, बेटावर बसून खाऊ म्हणून फडक्यात बांधून घेतल्या.

आम्ही लोकलनं, मग बसनं गेटवे ऑफ इंडियाला पोचलो. तर तिकिटाची खिडकी बंद. तिथला एक माणूस म्हणाला, "ताई, आज सोमवार. सोमवारी लेणी बंद असतात."

मला माहीत नव्हतं. मी बीए झालेली, गटांच्या बैठकीत नियम समजावून सांगणारी, आणि एक साधी चौकशी केली नव्हती. बायका काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं. आम्ही कठड्याशी बसून भाकरी खाल्ल्या. आजी पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पुढच्या साली जाऊ की. बेट कुठं पळून जातंय?"

पुढच्या वर्षी त्यांच्या गटाचा स्टॉल होता, पण आजी नव्हत्या. त्यांच्या सोबतिणीनं सांगितलं, भाद्रपदात गेल्या.

मैत्रिणींनो, बेट कुठं पळून जात नाही हे खरं. पण आपण कायम नसतो. म्हणून मी ठरवलं की यापुढे हा एक मोकळा दिवस नीट आखायचा. पुढच्या प्रदर्शनाला मी गटांना आधीच कळवलं, परतीचं तिकीट मंगळवार रात्रीचं काढा. नऊ जणी तयार झाल्या. त्या दिवशी आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगते. ज्यांच्या गटात सहलीचा विचार आहे त्यांनी वही-पेन घ्यायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, तासांचा हिशेब. जसा आपण पैशांचा ठेवतो तसाच. वाशीहून हार्बर लाइनच्या लोकलनं सीएसएमटीला पोचायला पाऊण-एक तास लागतो. तिथून गेटवेपर्यंत बस किंवा टॅक्सी. गेटवेहून बेटापर्यंत बोटीला साधारण एक तास. म्हणजे जाण्यातच अडीच-तीन तास गेले, आणि येण्यात तेवढेच. रात्रीची गाडी गाठायची तर दुपारी चार-साडेचारपर्यंत वाशीला परत यायला हवं. वजाबाकी केली की बेटावर हातात तीनच तास उरतात.

तीन तास म्हटल्यावर एकीनं विचारलं, "एवढ्यासाठी एवढं जायचं?" मी म्हटलं, तीन तास कमी नाहीत. मात्र त्यांत सगळं बघू म्हटलं तर काहीच बघून होणार नाही. काय सोडायचं ते आधी ठरवायला हवं.

म्हणून आम्ही आदल्या रात्री बसून ठरवलं. बेटावर एक मोठं लेणं आहे, त्याला एक नंबरचं लेणं म्हणतात. ते बघायचं. पश्चिमेच्या डोंगरात अशी पाच लेणी आहेत, आणि पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणी आहेत. ती सोडायची. वर डोंगरमाथ्यावर जुन्या तोफा आहेत, तिकडेही जायचं नाही. खरेदीला शेवटचा अर्धा तास, त्याआधी एकाही दुकानाशी थांबायचं नाही. आणि जेवण घाईत नाही, बसून करायचं.

आम्ही सकाळी सातच्या आत निघालो. उशीर झाला की लोकलला एवढी गर्दी होते की नवख्या बाईला चढताच येत नाही. महिलांच्या डब्यात बसायचं, कोणत्या स्टेशनला उतरायचं ते प्रत्येकीला पाठ करून द्यायचं, आणि चुकामूक झाली तर कुठं थांबायचं तेही सांगून ठेवायचं. पहिली बोट नऊच्या सुमाराला सुटते. ती आम्ही धरली. पहिल्या बोटीचा फायदा असा की लेण्यात गर्दी नसते आणि ऊन तापायच्या आत चढण होते.

आता बोटीबद्दल. हे नीट ऐका.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल नावाच्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. बोट उलटली आणि १५ जणांचे जीव गेले. घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण एसटीनं जातो, रिक्षानं जातो, धोका कुठं नसतो? पण सावध राहणं आपल्या हातात आहे. बोटीत चढल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि पट्टे बांधायचे. नुसतं मांडीवर ठेवायचं नाही. पदर खोचून वरून जॅकेट घालता येतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बोट भरलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जायचं. चढता-उतरताना बोट हलते, तेव्हा एका हातात पिशवी नि दुसऱ्यात मोबाइल असं करायचं नाही. हात मोकळे ठेवायचे. तिकीट परतीचं मिळतं, ते फेकायचं नाही, एकीनं सगळ्यांची तिकिटं सांभाळायची.

ज्यांना मळमळतं त्यांनी उपाशीपोटी बसू नये, आणि तुडुंब जेवूनही बसू नये. नजर लांब क्षितिजावर ठेवली की बरं वाटतं. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मागतात. आमच्या बायका खालीच बसल्या, आणि पाणी तिथूनच जवळून दिसलं. आणि हो, बोटीत चढण्याआधी बाथरूमला जाऊन घ्या. हे बायका सांगत नाहीत आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी न पिता उन्हात चढलं की चक्कर येते. पाळी असेल तरी यायला काही हरकत नाही. जास्तीचं सामान पिशवीत ठेवा आणि कचरा कागदात गुंडाळून परत आणा.

तासभर बोट चालते, तेव्हा दोन्ही बाजूंना बघण्यासारखं खूप असतं. मोठमोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात. जवाहर द्वीप नावाचं एक छोटं बेट लागतं, तिथं तेलाच्या टाक्या आहेत, जहाजातलं तेल तिथं उतरवतात. पलीकडे न्हावा-शेवा बंदराचे उंच क्रेन दिसतात. एका ताईंनी विचारलं, "आपला कांदा परदेशी जातो तो इथूनच का?" मी म्हटलं, हो, आपल्याकडचा पुष्कळ माल या बंदरातून जातो. त्या मग बराच वेळ तिकडेच बघत बसल्या. त्यांचा स्वतःचा दोन एकर कांदा होता.

दहाच्या सुमाराला आम्ही उतरलो. जेट्टी लांब आहे. तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक छोटी झुकझुक गाडी चालते. चालत गेलं तरी चालतं, पण आमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखणारे, म्हणून त्यांना गाडीत बसवलं. मग ग्रामपंचायतीचा थोडासा प्रवासी कर द्यावा लागतो. ती पावती घेताना कुरकुर करू नका. छोट्या गावाला तेवढाच आधार असतो.

पुढे साधारण १२० पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वरून ताडपत्रीची सावली. माळा, दगडाच्या मूर्ती, टोप्या. दुकानदार हाका मारतात. आमचं ठरलेलं होतं, त्यामुळे कुणी थांबलं नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून वर नेतात. पैसे आधी ठरवून घ्यायचे. आमच्या गुडघेदुखीवाल्या ताई म्हणाल्या, "मला चार माणसांनी उचलायला अजून वेळ आहे." आणि हसत हसत, दर वीस पायऱ्यांना बसत, स्वतःच्या पायांनी वर आल्या.

माकडं फार आहेत. हातात खाण्याची पिशवी दिसली की ओढतात. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा आणि त्यांना काही देऊ नका.

वर तिकीट काढावं लागतं. भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर बदलत राहतात, निघण्याआधी विचारून घ्या. आणि सोमवार टाळा. माझं नाव घेऊन टाळा!

आता लेणं. आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसतच नाही. बाहेरच्या उन्हातून आपण अंधारात येतो. बहुतेक लोक तिथंच मोबाइल काढून फोटो घेतात आणि पुढे पळतात. आम्ही काय केलं, तर दहा मिनिटं एका जागी नुसत्या उभ्या राहिलो. डोळे सरावले तसे खांब दिसायला लागले, मग भिंतींवरच्या मूर्ती.

मी बायकांना एवढंच सांगितलं की हे बांधलेलं नाही. कुणी दगड आणून रचलेले नाहीत. हा सगळा एकच डोंगर आहे, आणि त्यातला नको तो दगड काढून टाकलाय. खांबसुद्धा वेगळे उभे केलेले नाहीत, मधला दगड काढताना तेवढे ठेवलेत. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे काम मानतात. म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीचं. पाट्यावर टाकी लावून घेतलेली बाई लगेच ओळखते की हातोडी एकदा चुकली की दगड पुन्हा चिकटत नाही.

आत खूप मूर्तिपट आहेत. आम्ही तीनच बघायचे ठरवले होते, पण प्रत्येकासमोर बसून.

पहिली ती प्रसिद्ध मूर्ती. समोरच्या भिंतीत आहे, साधारण वीस फूट उंच. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. अभ्यासक सांगतात की ही सदाशिवाची मूर्ती आहे, एकाच शिवाची वेगवेगळी रूपं. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेला. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, रागावलेला. उजव्या हाताचा नाजूक, बाईच्या चेहऱ्यासारखा, हातात कमळ. आमच्या मसालेवाल्या ताई पाच मिनिटं बघून म्हणाल्या, "माझी पण अशीच तीन तोंडं आहेत. दुकानदाराशी एक, पोरांशी एक, आणि झोपताना एक." सगळ्या हसल्या. पण नंतर कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

दुसरी, अर्धनारीश्वराची. अर्धं अंग शिवाचं, अर्धं पार्वतीचं. शिवाची बाजू नंदीवर रेललेली, आणि पार्वतीच्या हातात आरसा. तिसरी, शिव-पार्वतीच्या लग्नाची. ती बघाच. पार्वतीनं मान थोडी खाली घातलीय. नवरी मुलगी लग्नात उभी राहते ना, तशी. ज्यांनी आपल्या मुलींची लग्नं लावलीत त्यांना मी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. एकीचे डोळे भरून आले. तिची लेक तीन महिन्यांपूर्वी सासरी गेली होती. ती म्हणाली, "लग्नाच्या गडबडीत तिच्या तोंडाकडं बघायलाच झालं नाही गं."

बऱ्याच मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत. पोर्तुगीजांच्या काळात मोडतोड झाली असं सांगतात. एलिफंटा हे नावही त्यांनीच दिलं. धक्क्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून. तो हत्ती आता बेटावर नाही, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना तो फुटला, म्हणून इथं राहिला. पुढे त्याचे तुकडे जोडले.

एक सूचना. ही जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आपल्याला देव दिसला की हात जोडले जातात, ते जोडा. पण हळद-कुंकू, तेल, नारळ मूर्तीला लावू नका. दगड खराब होतो. आणि मूर्तीवर चढून, टेकून फोटो काढू नका.

सव्वा तास आम्ही एका लेण्यात काढला. आमच्या मागून आलेले तीन-चार घोळके फोटो काढून पुढे गेले. बाहेर येऊन एका झाडाखाली बसलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, घरचीच पापडी. तिथं शेजारी गावातल्या बाई काकडी आणि कैऱ्या विकत होत्या. आमच्या बायकांनी त्यांना भाकरी दिली, त्यांनी कैरीला तिखट-मीठ लावून दिलं. मग बोलणं सुरू झालं.

बेटावर तीन वस्त्या आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. आपण उतरतो ते शेतबंदर. बाई सांगत होत्या की काही लागलं की बोटीशिवाय पर्याय नाही. दवाखाना, बाजार, मुलांचं पुढचं शिक्षण, सगळं पाण्यापलीकडे. आणि वीज! या बेटावर कायमची वीज २०१८ साली आली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून आणली. त्याआधी संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटरची वीज मिळायची, बस. समोर रात्रभर मुंबई झगमगायची आणि इकडे गावात अंधार.

आमच्यातली एक म्हणाली, "आम्हाला वाटायचं मुंबईजवळचे लोक सगळे सुखात."

विक्रीच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तर आमच्या बायका वही घेऊनच बसल्या. बेटावरच्या बाई म्हणाल्या, "माणूस वर चढताना काही घेत नाही, त्याला घाई असते. उतरताना घेतो, तेव्हा तो दमलेला असतो आणि त्याला तहान लागलेली असते. म्हणून मी चढताना नुसतं हसते, उतरताना हाक मारते." दहा दिवस स्टॉलवर उभ्या राहिलेल्या आमच्या पापडवाल्या मावशी म्हणाल्या, "आम्ही तर दारातच गिऱ्हाइकाच्या अंगावर जात होतो."

शेवटचा अर्धा तास खरेदीचा. कुणी लेकीसाठी मण्यांची माळ घेतली, कुणी काहीच नाही घेतलं. एकीनं स्वतःसाठी टोपी घेतली आणि ती घालूनच बोटीत बसली. साडेचारला आम्ही वाशीत. रात्रीची गाडी सगळ्यांना मिळाली.

आता अवघड विषय. पैसे आणि परवानगी.

आदल्या रात्री आमच्यातही वाद झाला होता. एका गटाचा चौदा किलो पापड उरला होता. त्यांची एक सदस्य म्हणाली, "माल उरलेला असताना आपण फिरायला गेलो तर गावात काय म्हणतील? विकायला पाठवलं आणि या मजा करून आल्या." तिचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे बाई देवाला गेली तर चालतं, माहेरी गेली तर चालतं, दवाखान्यात गेली तर चालतं. नुसती बघायला गेली तर तिला कारण द्यावं लागतं.

मी तिला एवढंच म्हटलं, उद्या तू गठुड्यावर बसून राहिलीस तर पापड विकले जाणार आहेत का? ते जाणार नाहीत. मग तो दिवस वाचला कुठं?

पण गटाचा पैसा मात्र गटाचाच आहे, तिथं मी पक्की आहे. विक्रीच्या पैशातून, कर्जाच्या हप्त्यातून एक रुपया सहलीला काढायचा नाही. त्यासाठी वेगळी सोय करा. बोटीचं भाडं, लोकल-बस, तिकीट, कर असं धरून वाशीहून माणशी साधारण साडेचारशे रुपये लागतात. डबा घरचा. दर महिन्याला बचतीसोबत प्रत्येकीनं ४० रुपये वेगळे टाकले तर वर्षाला ४८० होतात. बारा जणींच्या गटाचे ५,७६०. वहीत त्याचं वेगळं पान ठेवा, वर 'सहल निधी' लिहा, आणि ठराव करून घ्या की हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. जिला यायचं नसेल तिचे पैसे तिला परत. मग घरी कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगता येतं की माझे चाळीस-चाळीस रुपये जमवून मी गेले.

आणि घरी खोटं सांगून येऊ नका. प्रदर्शन एक दिवस वाढलं, असं सांगून एक ताई आल्या होत्या. दिवसभर त्यांना धास्ती, फोटोत यायला तयार नाहीत. बेट बघूनही त्यांनी नीट बघितलंच नाही. जमेल तसं, पण खरं सांगून या.

तुम्ही कुठल्याही गावच्या असा, घारापुरीलाच यायला हवं असं नाही. तुमच्या प्रशिक्षणाच्या गावी, तालुक्याच्या मेळाव्याजवळ असंच काहीतरी असतं. एखादा किल्ला, धरण, लेणं. पद्धत मात्र हीच ठेवा. बंद कधी असतं ते विचारा. तास मोजा. काय सोडायचं ते आधी ठरवा. एकच गोष्ट बघा, पण बसून बघा. आणि तिथल्या बाईशी बोला.

त्या दिवशी परतीच्या बोटीत आजींच्या गटातली ती सोबतीण माझ्या शेजारी बसली होती. बेट मागे लहान होत गेलं तशी ती म्हणाली, "आजी असत्या तर त्यांनी वर भाकरी वाटल्या असत्या." मग तिनं पिशवीतून फडकं काढलं. आजींचंच होतं. त्यांच्या सुनेनं दिलेलं. आम्ही सकाळी ज्या भाकरी खाल्ल्या त्या त्यातच बांधून आणल्या होत्या. मला तोवर माहीत नव्हतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत बचत गोळा करून झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की शेवटी हा विषय घ्या. पाच मिनिटं लागतील. तुमच्या गटातली सगळ्यात वयस्क बाई कोण, तिला काय बघायचं राहिलंय, ते तिला विचारा. आणि तारीख ठरवून टाका.

सोमवार सोडून!